जर्सीचं नंतर बघू, आधी खुराकाचं बोला

जानेवारी २०२६ मध्ये पुण्याच्या घाटरस्त्यांवर पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या यादीतली, टप्प्याटप्प्यांची, चारशेहून अधिक किलोमीटरची शर्यत. परदेशी संघ, संघांच्या मागे त्यांच्या गाड्या, गाड्यांच्या टपावर जादा चाकं. बेळगावात आमच्या कट्ट्यावर ती मोबाइलवर डोळे लावून बघितली गेली आणि शर्यत संपली तसा वाद सुरू झाला. आपल्या भागातला पोरगा अशा शर्यतीत कधी दिसणार, इथून निघालेली गाडी दहा मिनिटांत नेहमीच्या फाट्याला वळली: दिसलाच तर कुणाच्या जर्सीत दिसणार? एक बाजू म्हणते, मराठी घरातलं पोर कर्नाटकाच्या नावाने का पळावं, महाराष्ट्राने त्याला उचलावं. दुसरी म्हणते, वसतिगृहात खाल्लं इथलं, तर पदकही इथलंच. तिसरी बाजू घरोघरच्या आयांची आणि मामांची: जर्सी कुठलीही घाल बाबा, पण एक पदक आण आणि नोकरीला चिकट. गेली वीसेक वर्षं मी हा वाद ऐकतो आहे. रस्त्यावर सायकल चालवून पोट भरणारा माणूस नेमकं काय काम करतो आणि त्याला पगार कशाचा मिळतो, हे या तिघांपैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. व्यावसायिक सायकलपटूचं बरंचसं आयुष्य दुसऱ्याला जिंकवण्यात जातं आणि त्याला पगार त्याचाच मिळतो. आपली सगळी व्यवस्था, मग ती बंगळूरची असो की मुंबईची, फक्त पहिल्या तिघांना ओळखते. जो स्वतः जिंकत नाही पण ज्याच्याशिवाय कुणीच जिंकत नाही, त्याला वयाच्या एकोणीसपासून पंचविसापर्यंत पोसायची तयारी सीमाभागाने दाखवली नाही, तर इथून सायकलपटू निघणार नाही. मग जर्सीचा रंग कुठलाही ठरवा.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. अथणी तालुक्यातल्या एका जत्रेत काही वर्षांपूर्वी सायकल शर्यत होती. आमच्याकडे जत्रेला घोडागाडीची शर्यत असते, बैलगाडीची असते, तशी सायकलचीही असते. देवस्थान कमिटी बक्षिसं लावते, पहिल्या तिघांना रोख आणि ढाल. मी शेवटच्या खुणेपाशी वही घेऊन नंबर लिहायला बसलो होतो. त्या माळावर दुपारचं वारं असं असतं की चालणारा माणूससुद्धा मान खाली घालतो. लांबून दोन पोरं येताना दिसली, मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर. पुढचा खानापूरकडचा, मराठी घरातला. मागचा गोकाककडचा, कन्नड बोलणारा. पुढचा मान न वळवता ओरडत होता, "बिडब्याडो! बिडब्याडो!" सोडू नको, चाक सोडू नको. शेवटच्या दोनशे मीटरला पुढचा बाजूला झाला, मागचा सुटला आणि पहिला आला. वारं अंगावर घेऊन दमलेल्या खानापूरच्या पोराला मागून आलेल्या दोघांनी गाठलं. माझ्या वहीत त्याचा चौथा नंबर लागला. ढाल नाही, रोख नाही, फोटो नाही. जिंकलेल्याने त्याला बाजूला नेऊन खिशात काही कोंबलं, ते त्याने मोजलंही नाही. गुडघ्यावर हात टेकून तो बराच वेळ नुसता श्वास घेत उभा होता.

त्या वीतभर अंतरात सगळा धंदा आहे. दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून चालवणाऱ्याची जवळजवळ एक तृतीयांश ताकद वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात असेल तर त्याहून जास्त. म्हणून टूर डी फ्रान्ससारख्या तीन आठवड्यांच्या, एकवीस टप्प्यांच्या शर्यतीत प्रत्येक संघ आठ जणांचा असतो आणि त्यातले सहा-सात जण एकाला वाऱ्यापासून झाकून नेतात. मागे जाऊन गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, जर्सीत छातीपाठीला कोंबून पुन्हा घोळका गाठून वाटायच्या. म्होरक्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. घाट सुरू झाला की अंगातलं शेवटचं उरेपर्यंत ओढायचं आणि मग सुटून मागे पडायचं. विजेत्याला पाच लाख युरोंचं बक्षीस असतं आणि प्रथेप्रमाणे ते संघात वाटलं जातं, कारण ते एकट्याने मिळवलेलं नाही हे त्याला स्वतःलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक असतं.

ही समज त्या लोकांनाही आयती मिळाली नाही. टूर सुरू झाली १९०३ साली. तिचा संस्थापक आन्री देग्रांज याला शर्यत म्हणजे एकेकट्या मर्दांची झुंज हवी होती. १९११ मध्ये मोरिस ब्रोको नावाचा स्पर्धक दुसऱ्याला मदत करतो असं दिसल्यावर देग्रांजने त्याला हिणवून 'घरगडी' म्हटलं. फ्रेंचमधला तो 'दोमेस्तिक' शब्द आज या पेशाचं नाव झाला आहे. १९३४ ची गोष्ट तर आमच्याकडच्या प्रत्येक सायकलवाल्या पोराला सांगावी अशी. वीस वर्षांचा रने व्हिएतो घाटावर भल्याभल्यांना मागे टाकत होता. उतारावर म्होरक्या अँतोनँ मान्यचं चाक मोडलं, तेव्हा पोराने आपलं पुढचं चाक काढून दिलं आणि दुसरं येईपर्यंत रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून रडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ आली तर हा घाटात उलटा फिरून परत मदतीला गेला. टूर मान्यने जिंकली. व्हिएतो पाचवा आला आणि फ्रान्सने त्या पाचव्याला आयुष्यभर डोक्यावर घेतलं. आपल्याकडे पाचव्याला स्पर्धेचं प्रमाणपत्र तरी वेळेवर मिळतं का?

खरं तर ही जाण आपल्या मातीत होती. तालमीत वाढलेल्या कुणालाही विचारा. एक पैलवान घडवायचा तर त्याच्याशी रोज लढत घेणारे, रोज पाठीला माती लावून घेणारे जोड लागतात. मैदानात नाव होतं एकाचं, पण वस्ताद खुराक वाटताना फक्त त्याच्याच पुढ्यात दूध-बदाम ठेवत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, तेव्हा पंजाबपर्यंतचे मल्ल तिथे येऊन राहिले, लढले. तू कुठल्या संस्थानाचा, हे विचारून कुणाचा खुराक अडला नाही. त्या आश्रयाच्या सावलीत बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यापर्यंत कुस्ती पोसली गेली. आणि तो आश्रय सुटल्यावर काय झालं? खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. पदक घेऊन परतल्यावर मिरवणुकीला शंभराहून जास्त बैलगाड्या. मिरवणुकीतल्या एकेका गाडीवाल्याने आधी चार-चार आणे दिले असते तर ते घर गहाण पडलं असतं का? सत्तर वर्षं उलटून गेली तरी आपण अजून बैलगाड्याच जुंपतो आहोत, फक्त आता त्या व्हॉट्सॲपवर असतात.

आता जर्सीचा मुद्दा. तो हलका आहे असं मी म्हणणार नाही. १९५६ पासून या भागाने जे सोसलं ते माझ्या घरानेही सोसलं आहे. निवडचाचणीची सूचना ज्या भाषेत लागते ती पोराच्या बापाला वाचता येत नाही, अर्ज भरायला दुसऱ्याचे पाय धरावे लागतात, यातला अपमान खरा आहे. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तो दावा कुणी विसरावा असंही मला वाटत नाही. महाराष्ट्राने ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी वैद्यकीय-अभियांत्रिकीला जागा राखल्या, त्यातून कितीतरी घरं उभी राहिली. तशाच खेळातही जागा द्या, ही मागणी त्यामुळे रास्त वाटते. पण जागा कशाची देणार? राज्याचा संघ वर्षातून एकदा राष्ट्रीय स्पर्धेपुरता जमतो आणि पांगतो. उरलेले अकरा महिने पोरगा खातो काय, चेन आणि टायर कुठून आणतो, हे ना बंगळूर विचारतं ना मुंबई विचारणार. तिथेसुद्धा रेल्वे आणि सेनादल स्वतःचे संघ उतरवतात, कारण ते आपल्या खेळाडूला बारा महिने पगार देतात. रेल्वेच्या जर्सीत पळणाऱ्याला त्याची मातृभाषा कुणी विचारत नाही.

हा वाद फ्रान्सने आपल्याआधी घालून बघितला आहे. १९२९ ची टूर आजारी पडलेल्या मोरिस द वाल याला त्याच्या कंपनीच्या संघाने अक्षरशः हाताला धरून जिंकवून दिली, याचा देग्रांजला इतका संताप आला की १९३० पासून त्याने कंपन्यांचे संघ काढून टाकले आणि देशांचे आणले. पुढे प्रांतांचेही आले. १९४७ मध्ये फ्रान्सचा मोठा संघ बाजूला राहिला आणि 'पश्चिम' या प्रांतिक संघातला, ब्रिटनी प्रांताचा म्हणजे ब्रेटन असलेला रोबिक शेवटच्या दिवशी टूर मारून गेला. ब्रेटनांची भाषा वेगळी, अभिमान वेगळा; तिकडे काय जल्लोष झाला असेल ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे जर्सीतल्या मातीला मोल आहे, हे मलाही मान्य. पण त्या सगळ्या काळात या खेळाडूंना वर्षभराचा पगार कोण देत होतं? सायकलच्या कंपन्याच. जुलैत देशाची जर्सी आणि बाकी वर्ष मालकाची. शेवटी १९६२ मध्ये कंपन्यांचे संघ परत आले, मध्ये दोन वर्षं पुन्हा देशांचा प्रयोग झाला आणि तोही संपला. भावना रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवू शकते. चाकाला हवा आणि पोटाला भाकरी घालायला कुणीतरी महिन्याच्या एक तारखेला यावं लागतं.

नोकरीवाल्यांचा मुद्दा मला सगळ्यांत जड जातो, कारण तो आईच्या तोंडून येतो. दोन एकर ऊस आणि एक म्हैस असलेल्या घरात खेळाडू कोट्यातली नोकरी म्हणजे बहिणीचं लग्न आणि बापाचं ऑपरेशन असतं. विजापूर-जमखंडीकडची कितीतरी पोरं सायकलच्या जोरावर अशी मार्गी लागली. त्यांच्याकडे बोट दाखवायचा अधिकार मला नाही. तरीही माझ्या भाच्याचं सांगतो. चोर्ला घाटात कणकुंबीपर्यंत पावसात चढून जायचा, मी पाठीमागून मोटारसायकलवर डबा घेऊन. शालेय राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलं, त्यावर एका सरकारी खात्यात नोकरी लागली, पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात त्याला रात्रपाळी लागली. साहेबाला सांगून बघितलं, तर उत्तर आलं, "खेळलास म्हणून घेतलंय, आता काम कर." सायकल माळ्यावर गेली. मागच्या वर्षी मी ती उतरवली तर रिमला चिकटवलेला टायर वाळून पापुद्र्यासारखा हातात आला. सायकल माळ्यावर गेली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. घाट चढणाऱ्याची खरी ताकद जमते ती त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत. ज्या वयात युरोपातला पोरगा पहिला करार करतो, त्या वयात आमचा पोरगा खेळ संपवून कृतार्थ झालेला असतो. नोकरी बक्षीस म्हणून आली आणि ज्याचं बक्षीस होतं तेच तिने थांबवलं. सायकल हीच नोकरी, असं ज्या दिवशी त्या आईला महिन्याच्या पगारानिशी दाखवता येईल, त्या दिवशी तीच पहाटे चारला उठून भाकऱ्या थापेल.

आणि ती नोकरी सोन्याची असते असंही नाही. पहिल्या दर्जाच्या संघात वर्षाला चाळीस हजार युरोंच्या वर किमान पगार बांधलेला आहे, नवख्याला थोडा कमी. तिसऱ्या दर्जाच्या, म्हणजे काँटिनेंटल संघांना आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान वेतनाची अटच घातलेली नाही. करार वर्षा-दोन वर्षांचे. शर्यत रस्त्यावर, म्हणून तिकीट नाही. सगळा डोलारा प्रायोजकावर, तो गेला की चांगला चाललेला संघ एका हिवाळ्यात मोडतो. पस्तिशीच्या आसपास सगळं संपतं. जीवही जातो: २००३ मध्ये आंद्रेई किविलेव्ह पडून गेला तेव्हा कुठे हेल्मेट सक्तीचं झालं, २०२३ मध्ये जीनो मेडर स्वित्झर्लंडच्या उतारावरून दरीत गेला. उत्तेजकांचा कलंक तर सगळ्यांना ठाऊक आहे, लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली. पण औषधाचा मोह कुणाला जास्त होतो? ज्याला चौथ्या नंबरावरही महिन्याचा पगार मिळतो त्याला, की ज्याचं सगळं आयुष्य एका पदकावर लटकलं आहे त्याला? आणि धोक्याचं म्हणाल, तर हंगामात संकेश्वर-चिकोडीच्या रस्त्यावर पहाटे सराव करून बघा. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आत टेप मोठ्याने लावलेला. संघ असेल तर पोरांच्या मागे एक गाडी असते. एकट्याच्या मागे कोण असतं?

उरला पैसा. प्यायला पाणी नाही, गावात डॉक्टर नाही, आणि तुम्ही लाखांच्या सायकलींचं काय बोलता, असं म्हणणाऱ्याला मी गप्प करू शकत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये उसाला साडेतीन हजारांचा भाव मागत शेतकरी गुर्लापूर क्रॉसला दिवसेंदिवस बसले होते, ते आपलेच लोक. त्यांच्यापुढे हा विषय काढायचा कसा? मी कोलंबियाकडे बघून काढतो. तोही डोंगराळ, भांडणांनी पोळलेला, छोट्या शेतकऱ्यांचा देश. १९५१ पासून तिथे देशभराची सायकल शर्यत होते. १९८० च्या दशकात तिथल्या कॉफी उत्पादक शेतकऱ्यांच्या महासंघाने आपल्या कॉफीच्या नावाने संघ उभा केला. बागेत माळीकाम केलेला लुइस एरेरा १९८४ मध्ये टूरचा आल्प द्युएझच्या घाटाचा टप्पा जिंकला, १९८७ मध्ये स्पेनची टूर त्याने मारली, आणि २०१९ मध्ये एगान बेर्नाल टूर डी फ्रान्स जिंकणारा पहिला कोलंबियन ठरला. पस्तीस वर्षं लागली. एरेरा आणि बेर्नाल यांच्यामध्ये ज्या शेकडो पोरांनी दुसऱ्यांसाठी वारं खाल्लं, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, पण कुणीतरी त्यांचा महिना चालवला होता. इरिट्रियाचंही तेच. एवढासा देश, युद्धातून उठलेला, पण सायकल शर्यतीचा नाद पिढ्यान् पिढ्या जपलेला; २०२४ च्या टूरमध्ये बिनियाम गिरमायने तीन टप्पे आणि सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी नेली ती त्या नादावर.

आमच्याकडे कॉफी नाही, ऊस आहे. सीमाभागात साखर कारखान्याची चिमणी दिसली नाही असं गाव सापडणं कठीण. पश्चिमेला चोर्ल्याचा घाट, कणकुंबीचा पाऊस. पूर्वेला अथणीचा सपाट, वाऱ्याचा माळ. चढणारा आणि पळणारा दोन्ही प्रकारचा सायकलपटू एकाच जिल्ह्यात घडावा अशी ही जमीन आहे. हिशेब मांडून बघा. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने टनामागे एक रुपया बाजूला काढला तर दहा लाख होतात. आठ पोरांना महिन्याला दहा हजार म्हणजे वर्षाचे नऊ लाख साठ हजार. सायकली, मेकॅनिक, मागची गाडी याला दुसरा रुपया लागेल. उसाच्या बिलातून किती कपाती होतात ते सभासदाला पाठ आहे, त्यातल्या किती त्याला विचारून होतात हेही पाठ आहे. ही कपात विचारून व्हावी, सभेत मोजून व्हावी. कारखान्याच्या नोंदवहीत मराठी आणि कन्नड सभासदांचा ऊस एकाच काट्यावर तोलला जातो, तेव्हा जर्सीवर कारखान्याचं नाव लिहायला भाषेची अडचण येऊ नये.

चौथा आलेला तो खानापूरचा पोरगा आता हंगामात ट्रॅक्टर चालवतो. त्याच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर आहेत, मी बघितले.

मी स्वतः एका कारखान्याचा सभासद आहे. यंदाच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत मंडप रिकामा होतो, म्हणून ठराव आधीच लेखी देणार आहे. मजकूर झाला आहे: आठ सायकलपटूंना तीन वर्षं दरमहा मानधन, नंबर कितवाही येवो, आठही जणांना सारखं. सूचक म्हणून माझी सही केली आहे. अनुमोदनासाठी गोकाककडच्या एका सभासदाकडे रविवारी जाणार आहे. जत्रेत पहिला आलेला तो पोरगा त्यांचा मुलगा.